मुंबई महापालिकेत कमिशनर मोठा की नगरसेवक? या भांडणाचा निकाल फिरोजशहा मेहतांनी १८८८ सालीच लावून ठेवला होता

सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलात की समोर महापालिकेची दगडी इमारत दिसते. तिच्या पुढ्यात एक पुतळा आहे. बसची वाट बघणारे, सेल्फी काढणारे, मोर्चा घेऊन आलेले, सगळे त्याच्या आसपास असतात. पण हे गृहस्थ कोण, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर असतं, कुणीतरी इंग्रज असणार.

इंग्रज नव्हते. ते होते सर फिरोजशहा मेहता. फोर्टातला पी. एम. रोड त्यांच्याच नावाचा, आणि मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचं कागदोपत्री नावही फिरोजशहा मेहता उद्यान असंच आहे. शाळेच्या पुस्तकात ते काँग्रेसच्या मवाळ नेत्यांच्या यादीत दादाभाई आणि गोखल्यांच्या आजूबाजूला एका ओळीत येतात आणि तिथेच संपतात.

पण मुंबईत राहणाऱ्या माणसाचा त्यांच्याशी रोजचा संबंध आहे. तुमच्या गल्लीतला कचरा, नळाचं पाणी, रस्त्यावरचा खड्डा आणि तो बुजवायचं कंत्राट, हे सगळं ज्या कायद्यावर चालतं तो कायदा १८८८ सालचा आहे. त्यात शेकडो दुरुस्त्या झाल्या, नाव बदललं, पण मूळ सांगाडा तोच राहिला. हा सांगाडा उभा करण्यात ज्या माणसाचा वाटा सगळ्यात मोठा, तो हा पुतळ्यातला माणूस.

मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. मधली जवळपास चार वर्षं महापालिकेत एकही निवडून आलेला माणूस नव्हता. कमिशनर हेच प्रशासक. बजेट मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. अनेकांना यात काही वावगं वाटलं नाही, उलट नगरसेवक नसले तरी शहर चाललंच की, असं म्हणणारेही भेटले.

हा मुद्दा नवीन नाही. १८७१ साली मुंबईत अगदी याच विषयावर रणकंदन झालं होतं, आणि त्यात २६ वर्षांचा एक वकील सगळ्या गावाच्या विरोधात उभा राहिला होता.

कॉलेज, लंडन आणि बुडालेली स्कॉलरशिप

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत, व्यापारी पारशी घरात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८६४ मध्ये एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेली माणसं मुंबईत हाताच्या बोटांवर मोजावी इतकी होती. कॉलेजचे प्रिन्सिपल अलेक्झांडर ग्रँट यांची या पोरावर मर्जी होती.

रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय या धनाढ्य पारशी गृहस्थांनी हिंदी तरुणांनी इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर व्हावं म्हणून मोठी रक्कम देऊ केली होती. त्या पैशावर फिरोजशहा लंडनला गेले. पण तेव्हा मुंबईत कापसाचा खेळ चालू होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. मोठमोठे शेठ रातोरात दिवाळखोर झाले. रुस्तमजीही त्यात गेले आणि स्कॉलरशिपही गेली.

तरी फिरोजशहांनी लिंकन्स इनमधून १८६८ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण केली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या भोवती जमणाऱ्या तरुणांत ते होते. बद्रुद्दीन तय्यबजी आणि व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी ओळख तिथलीच. परत येऊन मुंबईत वकिली सुरू केली. पुढे फौजदारी खटल्यांत नाव झालं, गुजरात-काठियावाडातून कामं येऊ लागली. वकिलीबद्दल इतकंच पुरे, कारण आपली गोष्ट कोर्टातली नाही.

क्रॉफर्डसाहेबांनी शहर चकाचक केलं, पण...

आज क्रॉफर्ड मार्केटला खरेदीला जाणाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. तेव्हा निवडणूक वगैरे काही नव्हतं. सरकारने नेमलेले जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे शहरातले प्रतिष्ठित युरोपियन आणि हिंदी लोक, यांची मंडळी कागदोपत्री शहराची मालक होती. सगळी सूत्रं कमिशनरच्या हातात.

क्रॉफर्ड कामाचा माणूस होता. गटारं, रस्ते, मंडई, साफसफाई या सगळ्याला त्याने हात घातला. शहरातली घाण हटली, मृत्यूंचं प्रमाण उतरलं. पण खर्चाला धरबंध राहिला नाही. मंजुरी नसताना पैसे खर्च झाले, कर्ज वाढलं, वर घरपट्टी वाढली. आणि हे सगळं शेअर बाजार बुडाल्यानंतरच्या मंदीत चाललेलं. घरमालकांच्या खिशाला चटका बसला तेव्हा गाव पेटलं.

सात वर्षांपूर्वीच ज्या शहरात पैशाचा पाऊस पडत होता, त्या शहरात १८७१ मध्ये करदात्यांच्या सभा भरू लागल्या. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक अशी जाणती माणसं त्यात पुढे होती. जेम्स फोर्ब्स नावाच्या एका जस्टिसने ठराव आणला. त्याचा मथितार्थ असा की एकट्या कमिशनरच्या हातातला कारभार काढून घ्यावा आणि तो एका कौन्सिलकडे द्यावा. लोकांना हे आवडलं. साहेबाचा पंख छाटायचा, तर कुणाला आवडणार नाही?

नोव्हेंबर १८७१ मध्ये धोबी तलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सभा भरली. तिथे तरुण फिरोजशहा निबंध वाचायला उठले आणि त्यांनी चक्क क्रॉफर्डची बाजू घेतली. श्रोते खवळले, आरडाओरडा झाला.

पण ते काय म्हणत होते हे नीट पाहिलं तर ते कमिशनरचे वकील नव्हते हे कळतं. त्यांचं म्हणणं होतं की कारभार चालवायला एकच जबाबदार माणूस हवा. बारा-पंधरा जणांच्या कमिटीने गटार साफ करायचं ठरवलं, तर गटार तुंबलं की बोट कुणाकडे दाखवायचं हेच कळत नाही. सगळे जबाबदार म्हणजे कुणीच नाही. खरी खोट दुसरीकडे आहे. खर्चावर लक्ष ठेवायची जबाबदारी ज्यांची, ते जस्टिस सरकारने नेमलेले आहेत. त्यांना ना कर भरणाऱ्याची भीती, ना त्याला उत्तर द्यायची गरज. म्हणून क्रॉफर्डला कुणी वेळेवर अडवलं नाही. तेव्हा कमिशनर राहू द्या, पण त्याच्या मानगुटीवर कर भरणाऱ्यांनी निवडून दिलेली सभा बसवा.

करणारा एक आणि विचारणारे अनेक, अशी ही रचना. आज ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. पण तेव्हाच्या मुंबईत सरकारला वाटत होतं की हिंदी लोकांना निवडणूक झेपणार नाही, आणि चळवळवाल्यांना वाटत होतं की कमिशनर हटवला की काम झालं. हा पोरगा दोघांनाही नको असलेलं सांगत होता.

क्रॉफर्डसाहेबांचं पुढे काय झालं? ते मुंबईतून गेले, पण पुण्याकडे कमिशनर असताना १८८८ मध्ये त्यांच्यावर मामलेदारांकडून लाच घेतल्याचे आरोप झाले आणि ते प्रकरण टिळकांनी गाजवलं. मार्केटला त्यांचं नाव मात्र लोकांच्या तोंडी अजून टिकून आहे, अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई होऊनही.

पहिली निवडणूक

१८७२ मध्ये नवा कायदा आला. ६४ जणांची महापालिका, त्यातले ३२ करदात्यांनी निवडलेले, १६ जस्टिस मंडळींनी निवडलेले आणि १६ सरकारने नेमलेले. रोजच्या हिशेबावर नजर ठेवायला १२ जणांची टाऊन कौन्सिल. आणि कमिशनर सरकारचा.

मेहतांना हवं होतं ते सगळं मिळालं नाही, पण दार उघडलं. १८७३ मध्ये ते महापालिकेत गेले आणि १९१५ मध्ये मरेपर्यंत, म्हणजे ४२ वर्षं, महापालिका हेच त्यांचं मुख्य ठाणं राहिलं. चार वेळा अध्यक्ष झाले. महापौर हा शब्द मुंबईत १९३१ मध्ये आला, तोवर अध्यक्षच म्हणायचे.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. हे करदाते म्हणजे सगळी मुंबई नव्हे. १८७२ च्या कायद्याने मत मिळालं ते वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यांना. ५० रुपये म्हणजे तेव्हा गिरणी कामगाराचे कित्येक महिन्यांचे पगार. साडेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात मतदार काही हजार. चाळीत राहणारा, गोदीत ओझं उचलणारा, रोज सकाळी दुसऱ्यांच्या संडासातला मैला डोक्यावरून नेणारा हलालखोर, यांच्या मताचा प्रश्नच नव्हता. हलालखोर कर नावाचा कर मात्र होता. मेहतांनी ज्या लोकशाहीसाठी भांडण केलं ती घरमालकांची लोकशाही होती, आणि त्यांना त्यात फार काही खटकत होतं असं दिसत नाही.

त्याच सुमाराला पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते, १८७६ ते १८८३. पण ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. निवडणुकीच्या दारातून फुल्यांसारखा माणूस आत येणं त्या काळी किती अवघड होतं हे यावरून लक्षात यावं.

१८८८: कायद्यातला एक शब्द आणि त्यावरची लढाई

१८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला. नगरपालिका लोकांच्या हातात द्या, त्यांनी चुका केल्या तरी चालतील, शिकतील, असा त्याचा रोख. १८८४ मध्ये मुंबई महापालिकेच्या आजच्या इमारतीचा पायाही रिपन यांच्याच हातून घातला गेला, त्या वर्षी मेहता अध्यक्ष होते. इमारत पूर्ण व्हायला १८९३ उजाडलं. सरकारी काम तेव्हाही वेळेत होत नसे म्हणायचं.

आता मुंबईसाठी नवा कायदा करायचा होता. मसुद्याच्या मागे तेव्हाचे कमिशनर ओलिव्हंट होते. आता कमिशनरनेच कायदा लिहायचा म्हटल्यावर तो कुणाच्या बाजूने लिहिला जाणार? मसुद्यात कमिशनरला महापालिकेच्या बरोबरीची, जवळपास स्वतंत्र सत्ता मिळेल अशी मांडणी होती.

गव्हर्नर लॉर्ड रे यांनी मेहतांना कायदेमंडळावर घेतलं होतं. काशिनाथ त्र्यंबक तेलंगही तिथे होते. या दोघांनी मसुदा कलमागून कलम सोलून काढला. मेहतांचा मुद्दा एकच होता. शहराचा कारभार कुणाचा? कमिशनर आणि महापालिका अशा दोन मालकांचा, की महापालिकेचा आणि कमिशनर तिचा अंमलदार?

शेवटी जे झालं ते आजच्या कायद्यातल्या ६४ व्या कलमात आहे. शहराचा म्युनिसिपल कारभार महापालिकेकडे, म्हणजे सभागृहाकडे. अंमलबजावणीचे पूर्ण अधिकार कमिशनरकडे, पण महापालिका आणि स्थायी समितीच्या मंजुरीच्या मर्यादेत. म्हणजे १८७१ मध्ये ज्या निबंधावर लोक ओरडले होते, तोच निबंध १७ वर्षांनी कायदा होऊन आला.

सभासदसंख्या ७२ झाली. वॉर्डांतून ३६, जस्टिस मंडळींकडून १६, विद्यापीठाच्या फेलोंकडून २, चेंबर ऑफ कॉमर्सकडून २, आणि सरकारनियुक्त १६. मताची अट ५० वरून ३० रुपयांवर आली. टाऊन कौन्सिलची झाली स्थायी समिती.

कमिशनर सरकारनेच नेमायचा, हे मेहतांना बदलता आलं नाही. पण एक पाचर मारून ठेवली गेली. महापालिकेच्या एकूण सभासदांपैकी पाच अष्टमांश सभासदांनी ठराव केला तर सरकारला कमिशनर काढावाच लागेल. ७२ पैकी ४५. हे कलम आजही आहे, संख्या फक्त बदलली.

मग यात तुम्ही कुठे?

ही रचना कळली की महापालिकेत कुणाकडे काय मागायचं हेही कळतं. आपल्याकडे बरेच लोक सोशल मीडियावर महापौरांना टॅग करून खड्ड्याचा फोटो टाकतात. मुंबईच्या महापौरांकडे खड्डा बुजवायचा अधिकारच नाही. ते सभागृह चालवतात. खड्डा कमिशनरच्या यंत्रणेने, म्हणजे तुमच्या वॉर्ड ऑफिसने बुजवायचा. पण रस्त्यांवर यंदा किती पैसे खर्च करायचे, ठरावीक रकमेवरचं कंत्राट कुणाला द्यायचं, हे स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय होत नाही. म्हणून स्थायी समितीच्या अध्यक्षपदासाठी पक्षांची जी मारामारी चालते ती महापौरपदापेक्षा कमी नसते. तिजोरीची चावी तिथे असते.

कमिशनर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुढच्या वर्षाचं बजेट स्थायी समितीपुढे मांडतात. तिथून ते सभागृहात जातं. तुमच्या भागातल्या नाल्याला किंवा दवाखान्याला पैसे हवे असतील तर नगरसेवकाला गाठायची वेळ त्याच्या आधीची, डिसेंबर-जानेवारीची. बजेट मंजूर झाल्यावर नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन चहा मिळेल, नाला मिळणार नाही. गेल्या काही वर्षांत पालिका बजेटसाठी नागरिकांकडून थेट सूचनाही मागवते, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

अजून एक गोष्ट, जी फार लोकांना माहीत नसते. महापालिकेची सभा या कायद्यानुसार लोकांसाठी खुली असते. सभासदांनी बहुमताने बंद ठेवायचं ठरवलं तरच दार लागतं. आपला नगरसेवक सभागृहात तोंड उघडतो की नाही हे गॅलरीत बसून बघता येतं. मेहतांच्या काळात लोक त्यांचं भाषण ऐकायला असे जात.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर यात प्रभाग समित्या आल्या. आजूबाजूच्या वॉर्डांचे नगरसेवक मिळून ही समिती बनते आणि स्थानिक कामांचा निर्णय तिथे होतो. नोंदणीकृत स्थानिक संस्थांचे प्रतिनिधीही तिच्यावर घेता येतात. १९९७ पासून मुंबईत एएलएम, म्हणजे एका रस्त्यावरच्या किंवा वस्तीतल्या रहिवाशांनी मिळून वॉर्ड ऑफिससोबत काम करायची पद्धतही सुरू झाली. काही ठिकाणी ती उत्तम चालली, बऱ्याच ठिकाणी फलकापुरती उरली. आणि त्यात सोसायटीवाल्यांचा आवाज मोठा आणि झोपडपट्टीचा बारीक, ही तक्रार जुनीच आहे. १८७२ ची आठवण व्हावी अशी.

मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी: पुणे, ठाणे, नाशिक वगैरे महापालिका १९४९ च्या वेगळ्या कायद्यावर चालतात. पण सभागृह, स्थायी समिती आणि कमिशनर हा साचा तिथेही आहे. तेव्हा वरचं बरंचसं तुम्हालाही लागू.

ज्याला सरकारने पाडायचं ठरवलं

१८८८ नंतर महापालिकेत मेहतांचा शब्द म्हणजे जवळपास शेवटचा शब्द झाला. उंची पोशाख, भारदस्त आवाज, नियमांवर पकड. त्यांचं भाषण होईपर्यंत अनेक सभासद आपलं मत ठरवत नसत, इतका दबदबा. विरोधकांना ही हुकूमशाही वाटे आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. एकच माणूस चाळीस वर्षं सभागृह हलवत असेल तर नव्या माणसाने तिथे काय करायचं?

पण सरकारशी त्यांचे जे झगडे झाले ते शहराच्या पैशासाठी होते. उदाहरणार्थ पोलीस. मुंबईच्या पोलिसांवर महापालिकेची काडीची सत्ता नव्हती, पण खर्चाचा बोजा मात्र महापालिकेवर. मेहतांचं म्हणणं, ज्यावर आमचा ताबा नाही त्याचे पैसे आम्ही का द्यायचे? हे भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि १९०७ च्या कायद्याने मिटलं. पोलिसांचा खर्च सरकारने घेतला, बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांची जबाबदारी महापालिकेकडे आली. मुंबईत महापालिकेच्या शाळा आणि हॉस्पिटलांचा एवढा मोठा पसारा का आहे, याचं एक उत्तर या सौद्यात आहे.

दुसरं भांडण इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळी, अंधाऱ्या गल्ल्या यांत माणसं मरत होती. सरकारने १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी वेगळा ट्रस्ट काढला. गल्ल्या फोडून रुंद रस्ते काढणं, नव्या वस्त्या वसवणं, ही कामं त्याच्याकडे. ट्रस्टवर महापालिकेचे प्रतिनिधी होते, पण अल्पसंख्येत. मेहतांचा याला विरोध होता. शहर लोकांचं, पैसा शहराचा, आणि ठरवणार मात्र सरकारी ट्रस्ट, हे त्यांना मान्य नव्हतं. दादर-माटुंग्याच्या नीटनेटक्या वस्त्या याच ट्रस्टने आखल्या हे खरं. ट्रस्टने जितक्या गरिबांची घरं पाडली त्या मानाने बांधली फार कमी, हेही खरं. शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. आज मेट्रो आणि उड्डाणपुलांची कामं एमएमआरडीए करते, जिच्यासाठी आपण कुणालाच थेट मत देत नाही. त्यावरचा वाद ऐकला की ट्रस्टची आठवण होते.

या सगळ्याचा राग १९०७ च्या सुरुवातीला बाहेर पडला. अकाउंटंट जनरल हॅरिसन, टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर, पोलीस कमिशनर गेल अशा काही बड्या युरोपियनांनी एकत्र येऊन मेहतांना पाडायचा बेत केला. गावाने त्याला नाव दिलं कॉकस. मेहता जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून उभे राहत. जागा १६. कॉकसने आपले १६ उमेदवार ठरवले, सरकारी नोकरीतल्या जस्टिसांवर वजन टाकलं आणि मतं फिरवली. निकाल लागला तेव्हा मेहता सतरावे.

मुंबईत खळबळ उडाली. माधवबागेत प्रचंड सभा झाली. पुण्याच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद भूषवलेले गोपाळ कृष्ण गोखले त्या सभेत बोलले. नगरपालिकेच्या एका जागेसाठी इतके लोक रस्त्यावर येतात, हे सरकारलाही नवीन होतं. कारण मुद्दा मेहतांच्या खुर्चीचा राहिला नव्हता. सरकारी अधिकारी संगनमत करून निवडणूक फिरवू शकतात का, असा तो झाला होता.

पुढे सोळाव्या क्रमांकाच्या उमेदवाराच्या निवडीला कोर्टात आव्हान दिलं गेलं, तो अपात्र ठरला आणि सतरावे मेहता आत आले. कॉकसची सगळी मेहनत पाण्यात.

शेवट

राष्ट्रीय राजकारणात मात्र त्यांचं गणित त्याच वर्षी बिघडलं. डिसेंबर १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळकांचे जहाल आणि मेहतांचे मवाळ असा तुकडा पडला. टिळकांना बाहेर ठेवण्यात मेहतांचा हात मोठा होता आणि महाराष्ट्राने ते कधी विसरलं नाही. त्यांचं नाव आपल्याकडे मागे पडलं त्याचं हे एक कारण असावं. १९११ मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली, तिचे पहिले अध्यक्ष ते. १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल हे वर्तमानपत्र काढलं आणि हॉर्निमन यांना संपादक केलं. टाइम्सला उत्तर द्यायला आपला पेपर हवा, हे कॉकसने शिकवलं असणार.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांनी बांधलेल्या सभागृहात तेव्हाही चाळकऱ्याला मत नव्हतं. ते दार हळूहळू उघडलं. १९२२ मध्ये महिना १० रुपये भाडं भरणाऱ्या भाडेकरूला मत मिळालं, आणि घरमालकांच्या सभागृहात पहिल्यांदा भाडेकरूंचा आवाज आला. सरसकट सगळ्या प्रौढ मुंबईकरांना, बायकांना, गिरणी कामगारांना, हलालखोरांना महापालिकेसाठी मत देता आलं ते १९४८ च्या निवडणुकीत. मेहतांना जाऊन तेव्हा ३३ वर्षं झाली होती. कायदा मात्र तोच होता, १८८८ चा.